पंधरा पावलं

"दगडापाशीच पडलाय चेंडू," मी म्हटलं. "म्हणजे दीडशे यार्ड."

"नक्की?" टिपणीससाहेबांनी विचारलं.

"दगड काय खोटं बोलतो का, साहेब?"

दगड खोटं बोलत होता. तिथून झेंड्यापर्यंत एकशे पस्तीसच यार्ड होते, आणि हे त्या सगळ्या मैदानात एकट्या मला माहीत होतं. साहेबांनी सहा नंबरची काठी मागितली. चेंडूजवळ उभे राहिले, एकदा झेंड्याकडे बघितलं आणि हात मागे न्यायला लागले. कुठे घाई नाही, कुठे झटका नाही. वर गेल्यावर काठी क्षणभर थांबली आणि मग सगळं अंग एकदम खाली फिरलं. चेंडू ओढ्यावरून गेला आणि हिरवळीवर, झेंड्यापासून दहा पावलांवर बसला.

"अजून आहे म्हणायचं," साहेब म्हणाले आणि टोपी सारखी करून चालायला लागले.

मी पिशवी उचलली आणि देवाला मनातल्या मनात हात जोडले. त्या दिवशी दगड हलवल्याला अडीच वर्षं झाली होती.

आता या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. साहेबही राहिले नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही. मी तेव्हा चौतीस वर्षांची. छावणीच्या मागच्या त्या नऊ होलच्या गोल्फ मैदानावर आम्ही आठ-दहा बायका कॅडीचं काम करायचो. साहेबलोकांच्या पिशव्या वाहायच्या, चेंडू कुठल्या झुडपात गेला ते बघायचं, अंतर सांगायचं, आणि फटका चुकला की "वारा होता, साहेब" असं म्हणायचं. खेळायच्या क्लबला आम्ही काठीच म्हणायचो, कारण क्लब म्हणजे जिथे बसून ते चहा प्यायचे ती इमारत. उगाच घोटाळा नको. काठीचा नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब जायचा.

टिपणीससाहेब जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना जज्जसाहेब म्हणत. कॅडी बायकांना अहोजाहो करणारा तेवढा एकच माणूस. "सुभद्राबाई, सात नंबर द्या," असं म्हणायचे. बाकीच्यांना आम्ही "ए, सातवी दे!" या नावाने ठाऊक होतो.

आणि त्यांचा स्विंग, म्हणजे काठी फिरवायची तऱ्हा! अहो, तिथे एकेक धुरंधर होते. कुणी लाकूड फोडल्यासारखं मारायचं, कुणी चेंडूवर डूख धरल्यासारखं. मोठी काठी हातात आली तर विचारूच नका, दात-ओठ खाऊन मारायचे आणि चेंडू दहा पावलांवर. जज्जसाहेबांच्या हातात सगळ्यात लांब काठी असो की वाळूतून चेंडू काढायची आखूड, चाल एकच. लांब काठीला चेंडूपासून जरा लांब उभे राहायचे, चेंडू डाव्या पायाच्या बाजूला घ्यायचे. आखूड काठीला जवळ, चेंडू मधोमध. बाकी काही बदलायचं नाही. काठी मागे नेताना तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "वाऽऽदी," आणि खाली आणताना, "प्रतिवादी." बत्तीस वर्षं कोर्टात काढल्यावर दुसरं काय येणार तोंडात? मला पहिल्यांदा हसू आवरेना. मग कळलं, त्या दोन शब्दांतच सगळा ताल होता.

ज्या वर्षी त्यांच्या बाईसाहेब गेल्या त्या वर्षी साहेब एकदम उतरले. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. तरी सकाळी साडेसहाला हजर. घरी बोलायला कोणी नव्हतं. मुलगा परदेशात. मैदान हेच घर झालं होतं त्यांचं.

आणि तेव्हाच सातव्या होलवर चेंडू ओढ्यात पडायला लागला. लांब होलवर चुन्याने रंगवलेले गुडघाभर उंचीचे दगड होते, इथून झेंडा दीडशे यार्ड हे सांगायला. असे चार दगड होते. बाकी पाट्या-बिट्या काही नव्हत्या, आणि हल्ली जी अंतर मोजायची यंत्रं मिळतात ती तर कुणी पाहिलीही नव्हती. दगडापाशी चेंडू असला की साहेब सहा नंबर मागायचे, वर्षानुवर्षं. आणि आता सहा नंबरने मारलेला चेंडू नेमका पंधरा यार्ड कमी पडायचा. तीन दिवस लागोपाठ ओढ्यात गेला. चौथ्या दिवशी साहेबांनी काठी घट्ट आवळली, वादी-प्रतिवादी काही म्हटलं नाही आणि जोर लावून हाणला. चेंडू बाभळीत गेला. साहेब स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"पाच नंबर घेऊन बघा की, साहेब," मी म्हटलं.

"दीडशेला मी सहाच घेतो," ते म्हणाले, आणि ते असं म्हणाले की पुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, माळी यायच्या आत, मी घरून पहार घेऊन गेले. दगड उकरला, लोळवत पुढे नेला, पंधरा लांब पावलं मोजून झेंड्याच्या बाजूला पुरला. जुन्या खड्ड्यावर हरळीचा गड्डा बसवला. सकाळी साहेबांनी सहा नंबर मारली, चेंडू ओढा ओलांडून गेला. जीव भांड्यात पडला माझा. पण एकाच होलवर जमतंय म्हटल्यावर जज्ज माणूस, दोन दिवसांत पकडणार. म्हणून महिन्याभरात चारही दगड सरकवले. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दया आली म्हातारबांची.

आता तुम्ही म्हणाल, बाकीच्यांच्या लक्षात कसं आलं नाही? तीच तर गंमत. पहिले आठ दिवस सगळ्यांचे चेंडू हिरवळीच्या पलीकडे जायला लागले. मी धास्तावले. पण चेंडू लांब गेला म्हणून कधी कुणी तक्रार केली आहे का? सेक्रेटरी धामणकरसाहेबांनी त्याच महिन्यात नव्या काठ्या आणल्या होत्या. ते व्हरांड्यात उभं राहून ओरडले, "दीडशेला आता आठ नंबर पुरते मला! स्विंगच बदलून टाकला मी!" आणि सगळ्यांना चहा पाजला. दुसरे एक साहेब योगासनांना श्रेय द्यायला लागले. तिसऱ्यांनी सगळ्यांना मेथ्यांचं पाणी प्यायला सांगितलं. अडीच वर्षं सगळा क्लब नाकाने वांगी सोलत होता, आणि मी पिशवी खांद्याला लावून खाली मान घालून हसत होते.

मग आली ती मॅच.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या क्लबाशी, साठीच्या वरच्या खेळाडूंची. आमच्याकडून आठजण गेले, कप्तान जज्जसाहेब. कॅडी त्यांचेच होते, आम्ही गेलो नाही. संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा मी गेटपाशीच होते. धामणकर तावातावाने उतरले.

"हवाच जड आहे हो तिथली! आणि चेंडू कसले दिले होते, भिजलेले! आमचे सगळ्यांचे कमी पडत होते! तळ्यात गेले सगळे!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाडी भरून माणसं वाऱ्याला, हवेला, गवताला शिव्या देत उतरली. शेवटी जज्जसाहेब उतरले. ते कुणालाच नावं ठेवत नव्हते.

"माझा स्विंग गेला, सुभद्राबाई," एवढंच म्हणाले.

तिथून पुढचे दोन महिने आठवायला नको वाटतात. साहेबांनी मैदानावर खेळणं बंद केलं आणि रोज रेंजवर, म्हणजे जिथे नुसते चेंडू मारायचा सराव करतात तिथे, दोन-दोन तास उभे राहायला लागले. मुंबईहून एक तरुण कोच यायचा, टोपीवर गॉगल लावणारा. त्याने साहेबांना सांगितलं, ताकद कमी पडतेय. कंबर झटक्यात फिरवा, मनगटं फेका, प्रत्येक काठी सगळ्यात लांब काठीसारखी मारा. साहेब आज्ञाधारक मुलासारखे तसं करायला गेले. आखूड काठीने मारताना पायावर उड्या मारायला लागले. लांब काठीने मारताना तोल जाऊन दोनदा पडता पडता राहिले. कमरेला पट्टा आला. हातमोजा काढला की तळव्याला फोड दिसायचे. आणि वादी-प्रतिवादी पार बंद. दात आवळलेले.

मी रोज मागे उभी राहून चेंडूंची टोपली पुढे करत होते. सांगू की नको, सांगू की नको. सांगितलं तर मी उद्यापासून घरी. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, दोन पोरी शाळेत. आणि खरं सांगते, त्याहून मोठी भीती दुसरी होती. मला अहोजाहो करणारा तो एकच माणूस होता.

एका सकाळी साहेबांनी अर्धी टोपली मारली आणि काठी खाली ठेवली. हळूच, परक्याच्या घरची वस्तू ठेवावी तशी.

"सुभद्राबाई, ही पिशवी कुणाला हवी असेल तर बघा. एखाद्या होतकरू मुलीला-बिलीला. मी आजपासून येणार नाही."

"का, साहेब?"

"जे जमत नाही ते करत राहणं बरं दिसत नाही."

"आणि सकाळी काय करणार मग?"

ते बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. ते बघून माझ्याच्याने राहवेना.

"साहेब, तुमचं काही गेलेलं नाही. दगड हलवलाय."

"कसला दगड?"

"दीडशेचा. चारही."

नाडी त्यांच्या हातातच राहिली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अशा आवाजात विचारायला सुरुवात केली की मला वाटलं मी पिंजऱ्यातच उभी आहे.

"कोणी हलवला?"

"मी."

"एकट्यानं?"

"एकटीनंच. पहार घेऊन."

"किती?"

"पंधरा पावलं. मोठी टाकलेली."

"केव्हा?"

"पावणेतीन वर्षं होतील."

टिटव्या ओरडत होत्या, मला पळून जावंसं वाटत होतं.

"माझी निम्मी नोकरी बांधाच्या दगडांवर गेली," ते शेवटी म्हणाले. "भावाभावांनी रात्रीतून हलवलेले दगड. बत्तीस वर्षांत एकानेही माझ्यासमोर कबूल केलं नाही."

"मग मी पहिलीच," माझ्या तोंडून निघून गेलं. मग जीभ चावली.

ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे तीन वर्षं मी म्हातारा झालो होतो आणि ते फक्त तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला कीव आली माझी. तुम्ही मागे उभ्या राहून रोज माझी कीव करत होता!"

"पहिल्या दिवशी आली. खोटं कशाला बोलू? पण दगड त्याच्यासाठी नाही हलवला."

"मग कशासाठी?"

हे मी माझं मलाही तोवर सांगितलं नव्हतं. पण आता निघालंच होतं.

"माझ्यासाठी हलवला. तुम्ही त्या दिवशी जोर लावून मारलात ना, बाभळीत गेला तेव्हा, मला भीती वाटली. आणखी चार दिवस असा ओढ्यात पडला तर तुमचा स्विंग मोडणार, हे दिसत होतं मला. आणि मला तो रोज बघायचा होता. मी शिकत होते तुमच्याकडून. पंपाच्या खोलीमागे. नाल्यात सापडलेली एक वाकडी सात नंबर आहे माझ्याकडे. तीन वर्षं रोज दुपारी मारते मी. चोरून."

कॅडीने मैदानावर चेंडू मारायचा नाही, असा नियम होता. म्हणजे एका गुन्ह्यावर दुसराही कबूल करून बसले. साहेबांनी पिशवीतून त्यांची सात नंबर काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मारा."

"इथे? साहेब, धामणकरसाहेब व्हरांड्यात बसलेत."

"मी कप्तान आहे या क्लबाचा. मारा."

मी पदर खोचला. नीट, सरळ काठी कधी हातात आलीच नव्हती माझ्या. चेंडू मधोमध घेतला, श्वास सोडला आणि हात मागे न्यायला लागले.

"वाऽऽदी... प्रतिवादी."

चेंडू सरळ गेला. फार लांब नाही, पण सरळ आणि उंच. मी वळून बघितलं तर साहेब उभे राहिलेले.

"हे काय म्हणालात?"

"तुमचंच ते. वादी, प्रतिवादी."

"माझं? मी म्हणतो असं?"

"अहो, दर चेंडूला! सगळ्या क्लबाला माहीत आहे."

"मोठ्यानं?"

"मागे उभ्या माणसाला ऐकू जाण्याइतकं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग पिशवीतून नऊ नंबर काढून दिली. मी जवळ उभी राहिले, मारली. मग पाच नंबर. मी अर्धं पाऊल मागे सरले, चेंडू डाव्या पायाकडे घेतला, मारली. मग सगळ्यात लांब काठी दिली. ती मी कधी हातात धरली नव्हती, पण मारताना चाल तीच ठेवली. पहिला चेंडू फुकट गेला, दुसरा लागला. साहेब चारी बाजूंनी फिरून बघत होते. समोरून बघितलं, मागून बघितलं, वाकून माझ्या पायांकडे बघितलं.

तेव्हा मोबाइलमध्ये कॅमेरे नव्हते. माणसाने जन्मभर स्विंग करावा आणि तो एकदाही बघू नये, असंच होतं सगळ्यांचं.

"असा होता माझा?" त्यांनी विचारलं.

"असा आहे, साहेब. त्या गॉगलवाल्याने वर माती टाकलीय नुसती."

ते बाकावर बसले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मलाही रडू आलं. दोघंही एकमेकांकडे न बघता जरा वेळ रडलो, आणि मग साहेबांनी नाक शिंकरून घसा साफ केला.

"दगड उद्या परत जागेवर जातील."

"हो, साहेब."

"मी येईन. एकटीने पुन्हा दगड हलवलात तर तो तिसरा गुन्हा होईल."

"आणि शिक्षा?"

"रोज सकाळी अर्धा तास इथे. माझ्या समोर उभं राहून मारायचं, मी बघणार आणि तसं करणार. कमरेचा पट्टा सुटेपर्यंत. नंतरचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे बहात्तर वर्षांचे निवृत्त जिल्हा न्यायाधीश पहार खांद्यावर घेऊन सातव्या होलवर आले. मी पावलं मोजली, त्यांनी परत स्वतः मोजली. माझ्यापेक्षा एक जास्त भरलं. वाद घालून शेवटी माझंच धरलं. दगड बसवून झाल्यावर ते त्याच्यापाशी उभे राहिले आणि झेंड्याकडे बघत राहिले. खूप लांब दिसत होता तो तिथून.

"तीन वर्षं मी एकोणसत्तरचाच होतो म्हणायचं," ते म्हणाले. "वाईट गेली नाहीत."

शिक्षा पुढे सहा वर्षं चालली. पट्टा दोन महिन्यांतच सुटला होता, ती गोष्ट वेगळी. पहिले पंधरा दिवस त्यांना वादीच जमेना, हात वर जायच्या आधीच खाली यायची घाई. मी मारायची, ते मारायचे. मी चुकले की ते सांगायचे, ते चुकले की मी. धामणकर आरडाओरडा करायला आले तेव्हा जज्जसाहेबांनी नियमांचं पुस्तक मागवलं आणि त्यांना दाखवलं की कॅडीने मैदानावर मारायचं नाही असं लिहिलंय, रेंजवर नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. पुढे त्यांनीच मला शिकवायचं काम मिळवून दिलं. आज मी त्याच रेंजवर मुलींना शिकवते. कुठली काठी कुठल्या बेताने धरायची ते सांगते, आणि वादी-प्रतिवादी म्हणायला लावते. त्यांना ते काय आहे हे माहीत नाही, पण म्हणतात बिचाऱ्या.

दगड मात्र जागेवर गेले आणि क्लबावर आभाळ कोसळलं. सगळ्यांचे चेंडू कमी पडायला लागले. मेथ्यांचं पाणी बंद झालं, योगासनं बंद झाली. धामणकरांनी त्या काठ्या कंपनीकडे परत पाठवल्या आणि खरमरीत पत्र लिहिलं. माळ्याला बोलावून गवत वाढलंय का ते विचारलं. शेवटी एका सकाळी ते तरातरा सातव्या होलवर आले. जज्जसाहेबांचा चेंडू दगडापाशी होता आणि मी बाजूला पिशवी घेऊन उभी होते.

"जज्जसाहेब, मला संशय आहे. काहीतरी गडबड आहे इथे. आठजणांचे चेंडू एकदम कमी कसे पडतील? एकाचे ठीक आहे. तुम्ही न्यायाधीश होता, तुम्हीच सांगा, ह्याला काही कारण असेल की नाही?"

साहेबांनी दगडाकडे बघितलं. मग झेंड्याकडे. त्या माणसाने बत्तीस वर्षांत पुरावा दडवला नसेल.

"कारण आहे ना," ते म्हणाले. "आपण म्हातारे झालो, धामणकर."

साहेबांनी माझ्याकडे हात पुढे केला.

"सुभद्राबाई, चार नंबर द्या."